बिऱ्हाड पाठीवर, पण पाठ कोणाची?

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण सहज म्हणून जातो. ज्याने कोणी ही म्हण काढली त्याची सरकारी नोकरीत किंवा बँकेत बदली झालेली नसावी. विंचवीण आपली पिल्लं पाठीवर घेऊन हिंडते हे खरं आहे. पण पिल्लं म्हणजे बिऱ्हाड नव्हे. बिऱ्हाड म्हणजे पिल्लं, अधिक एक लोखंडी कपाट, अधिक दोन पिंपं, अधिक गाद्यांची वळकटी, अधिक "ही काचेची बरणी मी मांडीवरच घेणार" असं म्हणणारी माणसं. एवढं सगळं पाठीवर घेणारा विंचू अजून कोणी पाहिलेला नाही. बँकेतल्या बावीस वर्षांत माझ्या चार बदल्या झाल्या, आणि चारही वेळा मी एकच गोष्ट पाहिली. काय न्यायचं यावर घरात पंधरा दिवस चर्चा होते. कशातून न्यायचं, आणि ते ओढणाऱ्याला झेपेल का, यावर एक मिनिटही होत नाही. ते ट्रकवाला बघून घेईल!

इतिहासानेही हेच केलं आहे. अमुक तोफ तमुक किल्ल्यापुढे आणून उभी केली, असं आपण शाळेत पाठ करतो. "आणून" या तीन अक्षरांत किती बैल मेले, ते मास्तर सांगत नाहीत. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या हिंदुस्थानातल्या जड तोफा हत्ती ओढत. पण प्रत्यक्ष लढाईच्या टप्प्यात आलं की हत्ती सोडायचे आणि तोफेला बैल जुंपायचे, अशी रीत होती. कारण गोळे सुटायला लागले की हत्ती थांबत नसे. ताकद हत्तीची जास्त, यात वाद नाही; पण ओढणारा निवडताना नुसती ताकद बघून चालत नाही, हे त्या तोफखान्याला कळलं होतं. हत्तीला आपल्या जिवाची किंमत कळते. बैल बिचारा पगारदार.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे छोटी बंद ट्रेलर गाडी. चार भिंती, वर छप्पर, मागे दार, खाली दोन चाकं; आणि स्वतःच्या बळावर एक इंचही न हलणारी. ही वस्तू ओढायला कोणतं वाहन निवडावं, हा प्रश्न आपल्याला नवा वाटतो. पण त्याला चांगला सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि मजेशीर आहे. मी कॉमर्सचा पदवीधर. इतिहासाचा आणि माझा संबंध ताळेबंदाच्या तारखेपुरता. तरीही सांगतो.

हौसेसाठी घर ओढत फिरण्याची सुरुवात ज्याच्या नावावर जमा आहे तो माणूस म्हणजे डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स. मूळचा स्कॉटिश, पूर्वी आरमारात डॉक्टर, नंतर मुलांसाठी साहसकथा लिहिणारा; शंभराहून अधिक पुस्तकं त्याने लिहिली. 'स्टेबल्स' म्हणजे तबेले. आडनावातच घोडे असलेल्या माणसाने घोडे निवडण्यात चूक करायची शक्यता कमी. जिप्सी लोकांची फिरती घरं बघून त्याला वाटलं, आपणही असं हिंडावं. मात्र जिप्सीसारखं नव्हे, साहेबासारखं. मग त्याने ब्रिस्टलच्या रेल्वेचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात महॉगनी आणि मेपलच्या लाकडाचं एक चाकांवरचं घर करून घेतलं आणि त्याला नाव दिलं 'वाँडरर'. आरमारातला गडी, म्हणून तो तिला जमिनीवरची नौका म्हणायचा. १८८५ साली ही नौका इंग्लंडच्या दक्षिणेतल्या ट्वायफर्डहून निघाली ती थेट स्कॉटलंडात इन्व्हर्नेसला पोचली. या प्रवासावर त्याने १८८६ साली जे पुस्तक काढलं त्याच्या नावातच तेराशे मैलांचा हिशेब दिला आहे. शीर्षकातच आकडा देणारा लेखक मला एकदम आपल्यातला वाटला.

आता ओढणाऱ्याचं बघा. भरलेली गाडी सुमारे दोन टन. घोडे दोन. म्हणजे दरडोई, माफ करा, दरघोडा एक टन. घोड्यांची नावं कॉर्नफ्लॉवर आणि पीब्लॉसम. म्हणजे साधारण आपल्या 'सर्जा-राजा'सारखी, फक्त फुलांची. बरोबर एक गाडीवान, एक नोकर, एक पोपट आणि हरिकेन बॉब नावाचा भला दांडगा न्यूफाउंडलंड कुत्रा. नोकराचं मुख्य काम काय, तर तीनचाकी सायकलवर बसून पुढे जायचं, आणि रस्त्यात अवघड काही आहे का ते मागे कळवायचं. मंत्र्याच्या गाडीपुढे शिट्टी मारत जाणारी जीप आपण बघतो. तिचा मूळपुरुष हा ट्रायसिकलवाला असावा, असा माझा दाट संशय आहे.

हसण्यावारी नेऊ नका, पण स्टेबल्सने ओढणाऱ्याचा विचार आधी केला होता. किती वजन, किती चढ, घोड्यांना विसावा कुठे, दाणापाणी कुठे, हे तो बघत असे. १९०७ साली इंग्लंडात कॅरॅव्हॅन क्लब निघाला तेव्हा या डॉक्टरला उपाध्यक्ष केलं. त्या काळात सभासद एकत्र जमले की बोलणं अर्थातच घोड्यांचं.

पहिलं महायुद्ध संपलं आणि घोड्याची जागा मोटारीने घेतली. १९१९ साली बर्मिंगहॅमच्या एक्ल्स कंपनीने मोटारीमागे जोडायची कॅरॅव्हॅन विकायला काढली. इथून घोटाळा सुरू झाला. घोड्याला झेपत नसेल तर तो थांबतो, फुरफुरतो, तोंडाला फेस आणतो. त्याचा विरोध दिसतो. मोटार गुपचूप ओढत राहते. आणि उतारावर मागचं घर पुढच्या मोटारीला ढकलायला लागलं की मगच आतल्याला कळतं, की आपण ओढत नसून ढकलले जात आहोत.

इथे जरा थांबून आपल्या बैलगाडीबद्दल बोललं पाहिजे, कारण या विषयातलं सगळ्यात शहाणपणाचं जे काही मी ऐकलं ते कराडकडे आमच्या आजोळच्या गाडीवानाकडून. दोन चाकांची गाडी ही तराजूसारखी असते. ओझं मागे जास्त झालं की गाडी 'उलाळ' होते. पुढची दांडी वर उचलते, जू बैलांच्या मानेवरून सुटतं आणि गळ्यातल्या पट्ट्यांचा फास बसतो. ओझं पुढे जास्त झालं की ती 'धुरजड'. सगळा भार बैलांच्या मानेवर. चांगला गाडीवान पोती भरून झाली की पुढे येऊन दांडी हाताने किंचित उचलून बघायचा. जराशी जड लागली पाहिजे, फार नाही. मग एखादं पोतं वीतभर पुढे, एखादं मागे. हे सगळं तोंडात तंबाखूचा बार धरून, एक शब्द न बोलता.

हेच आज इंजिनिअर लोक आकड्यांत सांगतात. अमेरिकेत नियम असा, की ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार ओढणाऱ्या गाडीच्या आकड्यावर पडला पाहिजे. म्हणून सामानाचा साठ टक्के भाग चाकांच्या पुढे आणि चाळीस टक्के मागे. तेवढा भार नसेल तर वेग वाढल्यावर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. शेजारून एखादा मोठा ट्रक गेला, वाऱ्याचा झोत आला की डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, प्रत्येक वेळी थोडा जास्त; आणि शेवटी शेपटीच कुत्र्याला हलवते. अशा वेळी घाबरून करकचून ब्रेक मारायचा नाही, स्टिअरिंगशी झटापट करायची नाही. पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा, आणि ट्रेलरचे ब्रेक हाताने लावायची सोय असेल तर तेवढेच लावायचे. पंधरा टक्क्यांच्या वर गेलात तर गाडीचं मागचं बसतं, पुढचं उठतं आणि स्टिअरिंग हलकं पडतं. म्हणजे एकीकडे उलाळ, दुसरीकडे धुरजड. आमच्या गाडीवानाला टक्केवारी येत नव्हती, एवढाच फरक.

अमेरिकेत मात्र या प्रकाराला खरा बहर आला. १९१९ सालीच फ्लॉरिडातल्या टँपा गावी 'टिन कॅन टुरिस्ट्स' नावाची संघटना निघाली. सभासदत्वाची खूण म्हणजे मोटारीच्या रेडिएटरच्या झाकणावर डाग दिलेला टिनचा डबा. यांचं वाहन बहुधा फोर्डची मॉडेल टी. ताकद वीस घोड्यांची. स्टेबल्सचे दोन घोडे आणि यांचे वीस! पण त्या दोन घोड्यांना चढ दिसत असे.

पुढे डेट्रॉइटचा आर्थर शर्मन. हा जंतुशास्त्रज्ञ. याने १९२९ साली एक तंबूवाला ट्रेलर विकत घेतला. जाहिरात अशी, की पाच मिनिटांत उभा राहतो. पहिल्याच मुक्कामाला पाऊस, आणि पाच मिनिटांचा झाला तास. ज्याने लग्नाच्या मांडवात भाड्याच्या खुर्च्या उघडून पाहिल्या आहेत त्याला हा वेळ जास्त वाटणार नाही. शर्मन मात्र चिडला आणि त्याने सरळ पक्क्या भिंतींची एक पेटी चाकांवर बांधून घेतली. मुलांनी चेष्टेने नाव ठेवलं 'कव्हर्ड वॅगन'. जानेवारी १९३० च्या डेट्रॉइटच्या मोटार प्रदर्शनात ती ठेवली, आणि १९३६ पर्यंत त्याची कंपनी अमेरिकेतली सर्वांत मोठी ट्रेलर कंपनी झाली होती. बंद ट्रेलर असा जन्माला आला. एका भिजलेल्या जंतुशास्त्रज्ञाच्या संतापातून.

ती वर्षं लक्षात घ्या. १९३० ते १९३३ या काळात अमेरिकेत सुमारे नऊ हजार बँका बुडाल्या. हा आकडा मी लिहिताना हळूच खुर्चीचा हात धरला. ज्यांची घरं गेली त्यांतल्या काहींनी ट्रेलरमध्येच संसार थाटला. हौसेची वस्तू गरजेची झाली. त्याच सुमारास रॉजर बॅब्सन या नामांकित अर्थपंडिताने भाकीत केलं, की वीस वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरमध्ये राहील. वीस वर्षं झाली, तसं काही घडलं नाही. पण मला हे भाकीत अर्थशास्त्राच्या नव्हे, ओढण्याच्या दृष्टीने चुकलेलं वाटतं. निम्मी अमेरिका ट्रेलरमध्ये राहायची तर उरलेल्या निम्म्या अमेरिकेला पुढे जुंपावं लागलं असतं.

ट्रेलर हलका केला म्हणजे ओढणाऱ्याचा प्रश्न आपोआप हलका होतो, हे ज्यांना सुचलं ते विमानवाले. लिंडबर्गचं अटलांटिक ओलांडणारं विमान ज्या कारखान्यात बांधलं तिथे देखरेख करणाऱ्या हॉली बोलसने १९३४ मध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा, विमानाच्या अंगासारखा गुळगुळीत ट्रेलर काढला. फक्त दार ठेवलं समोर, आकड्याच्या बरोबर वर. म्हणजे घरात शिरायचं तर आधी जोडणीच्या दांडीवरून उडी मारायची. आमच्या चाळीतल्या जिन्याच्या शेवटच्या पायरीची आठवण झाली. याचाच धागा पुढे नेला वॉली बायमने. हा माणूस लहानपणी मेंढपाळ होता आणि गाढव जोडलेल्या दोनचाकी गाडीत राहत असे. म्हणजे ओढणाऱ्याशी त्याची ओळख थेट गाढवापासून. १९३६ साली त्याने 'एअरस्ट्रीम क्लिपर' बाजारात आणला. चार माणसांच्या झोपण्याची सोय, विजेचे दिवे, किंमत १२०० डॉलर.

आणि मग १९४७ सालची ती जाहिरात. आल्फ्रेद लतूर्नर नावाचा फ्रेंच सायकलपटू. याने १९४१ मध्ये मोटारीच्या आडोशाने सायकल चालवून ताशी १०८.९२ मैलांचा विक्रम केला होता. याला बायमने आणला, सायकलवर बसवला, मागे आख्खा एअरस्ट्रीम जोडला आणि फोटो काढला. सांगायचं एवढंच, की आमचा ट्रेलर इतका हलका, की सायकलसुद्धा ओढते! तो फोटो जगभर गाजला, कंपनीचं बोधचिन्ह झाला. मी तो बराच वेळ बघत होतो. जाहिरात खोटी मुळीच नाही. सपाट रस्त्यावर, वारा नसताना, एकदा गती मिळाली की चाकांवरची वस्तू ओढायला फार जोर लागत नाही. जोर लागतो तो चढाला. आणि खरा जीव लागतो तो थांबवायला. त्या फोटोत लतूर्नर पुढे बघतो आहे. समोर उतार असता तर त्याने मागे बघितलं असतं. आमच्या बँकेत कर्जाचे अर्ज बहुधा असेच येतात. हप्ता ओढता येईल हे अर्जदार सपाटीवर सिद्ध करून दाखवतो. आजारपण, नोकरी जाणं, मुलीचं लग्न, हे उतार अर्जात नसतात.

बायमला स्वतःला मात्र फोटोबाहेरचे रस्ते माहीत होते. १९५९ साली त्याने ४१ ट्रेलर आणि १०६ माणसं घेऊन केपटाउन ते कैरो असा आफ्रिकेचा प्रवास केला. यातली बरीचशी मंडळी पेन्शनर. यांनी सायकली नेल्या नाहीत. दणकट ट्रक नेले. तरीही इथिओपियाच्या रस्त्यांनी त्यांची हाडं खिळखिळी केली; तिथे सम्राट हेले सेलासी यांनी त्यांना भेट दिली, आणि शेवटी पिरॅमिडांसमोर चंदेरी ट्रेलर गोल मांडून फोटो निघाला. माझ्या मते त्या फोटोत ट्रेलर पुढे आणि ट्रक मागे लपवले असले तर ते अन्याय्य आहे. पण फोटोचं असंच असतं. लग्नाच्या फोटोत आचारी कधी असतो?

ट्रेलरच्या नशिबी आणखी एक थोर दिवस आला, तो २४ जुलै १९६९. चंद्रावरून आलेल्या तिघांनी तिकडचे जंतू इकडे आणू नयेत म्हणून त्यांना विमानवाहू जहाजावर एका बंद पेटीत कोंडलं, आणि अध्यक्ष निक्सन खिडकीच्या काचेतून त्यांच्याशी बोलले. ती पेटी म्हणजे चाकं काढलेला एअरस्ट्रीम. आत पाच माणसं. तीन चांद्रवीर, एक डॉक्टर, एक इंजिनिअर. याला ओढणारं वाहन म्हणून आधी युद्धनौका, मग मालवाहू विमान आणि जमिनीवर सपाट ट्रक वापरला. वाहनाची निवड इतकी चोख पुन्हा कोणाची झाली नसेल. (यातल्या बझ ऑल्ड्रिनने या दौऱ्याचा टी.ए. बिलाचा कागद २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. ह्यूस्टन, चंद्र, पॅसिफिक महासागर, आणि परत ह्यूस्टन. एकूण रक्कम ३३ डॉलर ३१ सेंट. आमच्या कार्यालयाने त्यातही चंद्राचं तिकीट जोडलेलं नाही म्हणून शेरा मारला असता.)

असो. पुढचा इतिहास पेट्रोलचा. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अमेरिकन मोटारी म्हणजे चाकांवरचे दिवाणखाने. लांबरुंद, खाली पोलादी सांगाडा, आत आठ सिलिंडरचं इंजिन. घरची मोटार हीच ट्रेलर ओढायची; वेगळं वाहन निवडण्याचा प्रश्नच नव्हता. १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेल रोखलं, १९७४ मध्ये हमरस्त्यांवर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली, १९७५ मध्ये मोटारींनी एका गॅलनमध्ये किती मैल जावं याचा कायदा झाला. मोटारी आटू लागल्या. पण कायद्यात ट्रक या वर्गाला सवलत होती. आता सवलत म्हटल्यावर कोणताही हिशेबनीस जे करील तेच कारखानदारांनी केलं: मोटारी लहान केल्या आणि ट्रकला सोफा बसवला. आज अमेरिकेत भाजी आणायला पिकअप ट्रक जातो, त्याच्यामागे कर विभागासारखी ही साधी वर्गवारी आहे. वस्तू तीच, खातं बदललं.

कोणती गाडी किती ओढते, हे तरी कोण ठरवणार? तर ज्याला गाडी विकायची आहे तोच! अनेक वर्षं प्रत्येक कारखाना आपापल्या पद्धतीने आकडा छापत असे, आणि शेजाऱ्याचा आकडा मोठा दिसला की आपला वाढवत असे. अखेर २००८ मध्ये अमेरिकेच्या मोटार इंजिनिअरांच्या संस्थेने एक समान कसोटी ठरवली. ॲरिझोनात डेव्हिस धरणापासून वर जाणारा ११.४ मैलांचा घाट, हवा १०० अंश फॅरनहाइट, एअरकंडिशनर पूर्ण जोरात, मागे ट्रेलर, आणि वेग ४० मैलांच्या खाली येता कामा नये. चांगली कसोटी आहे, जावयाची सुद्धा घ्यावी. टोयोटाने ती २०११ च्या मॉडेलपासून मानली, बाकीच्यांना आणखी काही वर्षं लागली. या कसोटीत गाडीत बसलेली माणसं धरतात दोन, प्रत्येकी १५० पौंड. म्हणजे ६८ किलो. आमच्या शाखेत ६८ किलोचा एकच इसम आहे, आणि तो प्रोबेशनवर आहे.

युरोपात निराळाच कारभार. तिथे आकड्यावरचा भार कमी धरतात, वेगही कमी. जर्मनीत ट्रेलर जोडला की साधारण ताशी ८० किलोमीटर, खास परवाना असेल तर १००. त्यामुळे तिथे साधी घरगुती मोटार जेवढं ओढते तेवढं अमेरिकेत तीच मोटार ओढू शकत नाही, असं छापलेलं असतं. इंग्लंडात क्लबवाले एक सोपा अडाखा सांगतात: भरलेल्या कॅरॅव्हॅनचं वजन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. हे वाचून मला गहिवरून आलं. पंधरा टक्के मार्जिन! आमच्या वाहनकर्ज विभागात आयुष्य गेलेल्या माणसाला याहून चांगला नियम सुचला नसता.

आता हे सगळं मला कळण्याचं कारण माझा भाचा. तो ओहायोत असतो. तिथल्या मराठी मंडळींनी ढोल-ताशा पथक काढलं आहे. गणपतीत आणि कुठे कुठे स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीतही वाजवतात. पंचवीस ढोल, ताशे, ध्वज, झांजा ठेवायला त्यांनी वर्गणी काढून सहा फूट रुंद, बारा फूट लांब बंद ट्रेलर घेतला. त्याची वजनमर्यादा २९९० पौंड. ३००० का नाही? तर अनेक राज्यांत ३००० पौंडांपासून ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लावायची सक्ती आहे म्हणून! बाटाच्या चपलेची किंमत ज्या तत्त्वावर ठरायची, त्याच तत्त्वावर.

प्रश्न असा पडला, की हा ओढायचा कोणाच्या गाडीने. समितीची बैठक झाली. एकाचा प्रचंड पिकअप होता. पण त्याला महिन्यातून दोन शनिवार वेळ नव्हता. एकाची विजेवर चालणारी मोटार. ती ओढते छान, पण पेटीसारखा ट्रेलर मागे असला की वाऱ्याशी भांडण्यातच बॅटरी संपते आणि मजल जवळपास निम्म्यावर येते. ढोल वजनाला हलके असले तरी वाऱ्याला ते माहीत नसतं. त्याला समोर दिसते ती भिंत. तिसऱ्याने नवीन मोठी गाडी कर्ज काढून घ्यायची तयारी दाखवली. चौथी माझ्या भाच्याची मिनीव्हॅन. पुस्तकात लिहिलेलं, ओढण्याची क्षमता ३५०० पौंड. म्हणजे झालंच की! आठ जण गाडीत, ढोल मागे, चला दीडशे मैल!

ताईचा मला फोन आला. "अरे, तो नातीलाही घेऊन चाललाय. तू बँकेत आहेस, जरा बघ ना त्याचं." बँकेत असण्याचा आणि याचा संबंध काय, हे भावाने बहिणीला विचारायचं नसतं. मी भाच्याला फोन लावला.

"मामा, साडेतीन हजारांची लिमिट आहे, आमचा माल दोन हजारांच्या आत आहे."

"लिमिट एकच आहे का?" मी विचारलं. कॅश क्रेडिटचं खातं सांभाळलेल्या माणसाला एकच लिमिट कधी पटत नाही.

मग ड्रायव्हरच्या दारावरची चिकटपट्टी त्याने वाचून दाखवली. माणसं आणि सामान मिळून ११५० पौंडांच्या वर जाऊ नये. आम्ही दोघांनी दोन देशांत बसून बेरीज मांडली. रिकामा ट्रेलर ११०० पौंड, ढोल ५५०, किरकोळ २००, एकूण १८५०. त्याचा आकड्यावर पडणारा भार बारा टक्के धरला तर २२० च्या घरात, आणि हा भार गाडीच्या खात्यात नावे पडतो! अधिक आकड्याचं लोखंड ४०. उरले ८९०. माणशी १६५ धरले तर पाच माणसं, आणि डबे ठेवायला ६५ पौंड. पथकाची भूक बघता ते कमीच. आठ जण बसले असते तर एकही ढोल न जोडता गाडी मर्यादेबाहेर होती.

"म्हणजे ३५०० हा आकडा खोटा?"

"खोटा नाही रे. गाडीत दोनच माणसं असली तर खरा."

तो जरा गप्प झाला. पलीकडून भांड्यांचा आवाज आला आणि त्याच्या बायकोने विचारलं, "काय म्हणतात मामा? कोणी कोणी जायचं नाही?" मी सांगितलं, मोठी गाडी घ्यायची गरज नाही, कर्ज तर नकोच, चौघे मिनीव्हॅनमध्ये, बाकीचे दुसऱ्या गाडीने, ताशी ५५-६० मैलांच्या वर जायचं नाही, आणि सामान भरताना साठ-चाळीस. हे मी सांगत होतो ते कराडच्या गाडीवानाचं होतं, पण आकडे टाकले की माणसं ऐकतात.

भाड्याने ट्रेलर देणाऱ्यांचं एक उदाहरणही मी त्याला ऐकवलं. यू-हॉल ही कंपनी १९४५ साली शोएन नावाच्या नवरा-बायकोने पाच हजार डॉलरवर काढली. घर बदलणाऱ्या साध्या माणसाला त्याच्या साध्या मोटारीमागे जोडता येईल असा ट्रेलर द्यायचा, हा धंदा. त्याच कंपनीने २००३ च्या अखेरीस ठरवलं, की फोर्ड एक्सप्लोरर या गाडीमागे आपला ट्रेलर जोडू द्यायचा नाही. गाडी ओढायला असमर्थ आहे असं त्यांचं म्हणणं नव्हतं. त्या गाडीशी संबंधित खटले लढण्याचा खर्च परवडत नाही, असं होतं. मला हे फार आवडलं. वाहन निवडायची इतकी कोरी, इतकी हिशेबी कसोटी ना डॉ. स्टेबल्सला सुचली, ना बायमला.

आपल्याकडे महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं आहे, तेव्हा हे प्रश्न इकडेही यायचे. तोपर्यंत आपला अनुभव म्हणजे उसाच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या लावून, मोठ्याने गाणी लावून, पुढची चाकं जमिनीला टेकतात न टेकतात अशा बेताने चाललेला ट्रॅक्टर. त्याच्या मागे अर्धा तास काढलेल्या माणसाला उलाळ म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही.

भाच्याच्या मुलीला मात्र सांगावं लागलं. ती अकरा वर्षांची, ताशा वाजवते. ढोल कोणी कुठे लावायचे याची जबाबदारी तिने स्वतःकडे घेतली, आणि फोनवर माझ्याकडून तो शब्द दोनदा म्हणवून घेतला. तिने ट्रेलरच्या आत मागच्या दाराशी जाड शाईच्या पेनने लिहून ठेवलंय, रोमन लिपीत, पण मराठीच: 'उलाळ नको.' खाली बाण काढलाय, पुढच्या दिशेने.